फरशी फोडण्याआधी

'स्लॅब गळतोय' असं कुणी म्हटलं की आपण मान वर करून छताकडे बघतो. डोक्यावरचा स्लॅब गळला तर डाग पडतो, पोपडे सुटतात, थेंब टपकतो. लपून काही राहत नाही. पण तळमजल्याच्या घरात काँक्रीटचा आणखी एक थर असतो, थेट जमिनीवर ओतलेला, आणि कित्येक घरांत पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप त्याच्याही खालून गेलेले असतात. तिथे पाइपला भोक पडलं की पाणी मातीत मुरत राहतं आणि महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा मात्र एकदम घाई होते. कुणीतरी ब्रेकर घेऊन येतं, जिथे ओल दिसते तिथली फरशी उखडली जाते, खड्ड्यात पाणीही सापडतं, आणि पाइप धडधाकट निघतो.

यात प्लंबरची चूक असतेच असं नाही. चूक असते ती ओल आणि भोक एकाच जागी असणार, या समजुतीत.

फरशीखाली काय असतं

वरून खाली जाऊ. आधी फरशी, तिच्याखाली मसाल्याचा थर, मग साधारण १०० मिलिमीटर जाडीचं काँक्रीट, कधी त्यात सळयांची जाळी. काँक्रीटखाली प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून. त्याखाली खडी किंवा वाळू आणि सगळ्यात खाली धुमसाने ठोकून बसवलेला भराव. पाइपसाठी या भरावात चर खणतात, पाइप वाळूत बसवतात, चर बुजवतात आणि मग काँक्रीट ओततात.

या चराकडे जरा नीट बघा. आजूबाजूची माती घट्ट, चरातली वाळू मोकळी. पाइपमधून सुटलेलं पाणी अर्थातच मोकळ्या वाटेने, म्हणजे चरातून पाइपच्या कडेकडेने सरकतं. वर प्लॅस्टिक असल्यामुळे ते जागच्या जागी वर येत नाही. प्लॅस्टिक जिथे फाटलंय, काँक्रीटला जिथे भेग आहे किंवा पाइप जिथे भिंतीपाशी वर निघतो, तिथे ते डोकं काढतं. भोक स्वयंपाकघरात आणि ओल बैठकीच्या कोपऱ्यात, हा प्रकार असा घडतो.

खालचे पाइप दोन जातींचे. एक दाबाचे, म्हणजे नळांना आणि गीझरला पाणी नेणारे. दुसरे उताराचे, म्हणजे मोरी, सिंक, संडास यांचं पाणी बाहेर नेणारे. दोन्ही गळतात, पण गळण्याची तऱ्हा अगदी वेगळी, आणि पुढचं सगळं या फरकावर चालतं.

दाबाच्या पाइपमध्ये चोवीस तास पाणी कोंडलेलं असतं. घरातला दाब २ ते ५ बार असू शकतो. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याच्या खांबाचा दाब. समजा दाब ४ बार आहे आणि पाइपला अवघ्या दीड मिलिमीटरचं भोक पडलंय. हिशेब केला तर दिवसाला अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. तुम्ही झोपलेले असताना, गावाला गेलेले असताना, कायम. उताराच्या पाइपमध्ये दाब नसतो. कुणी आंघोळ केली, फ्लश ओढला, तेवढ्यापुरतं पाणी येतं आणि त्यातलं थोडं फटीतून मातीत जातं. हे पाणी मीटरमधून आधीच मोजून आलेलं असल्यामुळे बिल वाढत नाही, त्यामुळे ही गळती वर्षानुवर्षं दडून राहू शकते. आणि ते पाणी घाण असतं.

भोक पडतं कसं

तांब्याचा पाइप बाहेरून चकचकीत दिसला तरी आतून बारीक बारीक खड्डे पडत त्याची भिंत कुरतडली जाऊ शकते. याला पाण्याचा आम्लपणा कारण असतो, कधी पाण्याचा वेग. तांब्यातून थंड पाणी सेकंदाला २.४ मीटरपेक्षा आणि गरम पाणी १.५ मीटरपेक्षा जास्त वेगाने वाहू नये, असा संकेत आहे. पाइप कापल्यावर आतल्या कडेला उभी राहिलेली धार घासून काढली नाही तर तिथे पाण्याला भोवरे पडतात आणि तेवढीच जागा झिजत जाते. दोन मिनिटांचा आळस, वीस वर्षांनी भोक.

गरम पाण्याची लाइन जास्त लवकर दगा देते. एक तर उष्णतेने गंजण्याचा वेग वाढतो. दुसरं म्हणजे पाइप लांबतो. तांब्याचा १० मीटर पाइप ४० अंशांनी तापला तर सुमारे ७ मिलिमीटर लांबतो आणि निवल्यावर परत आखडतो. नळ उघडला की पुढे, बंद केला की मागे. शेजारी टोकदार खडी किंवा सळई टेकलेली असेल, किंवा पाइप काँक्रीटमधून विनावेष्टन जात असेल, तर तो तिथे रोज घासला जातो. प्लॅस्टिकचे पाइप तर तांब्याच्या कितीतरी पट लांबतात; पेक्ससारखा लवचीक पाइप टाकताना तो ताणून न बसवता थोडा सैल सोडतात, तो यासाठीच.

गॅल्वनाइझ्ड लोखंडाचा पाइप पितळेच्या किंवा तांब्याच्या तुकड्याला थेट जोडला की ओलाव्यात लोखंड मार खातं आणि जोडापाशीच सडतं. भरावात कोळशाची राख मिसळलेली असेल किंवा जमीन खारवट असेल तर धातूचा पाइप बाहेरून खाल्ला जातो. फुगणारी चिकणमाती हे आणखी एक दुखणं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आखडते, वरचा काँक्रीटचा थर उचलते आणि सोडते, आणि खालचे कडक जोड मोडते. यात एक दुष्टचक्रही आहे: जोड थोडा उघडला की पाणी सुटतं, त्या पाण्याने माती आणखी फुगते, जोड आणखी उघडतो.

झाडाच्या मुळांवर मात्र उगाच आळ येतो. धड पाइपला मूळ भोक पाडत नाही. जोडातून आधीच ओल झिरपत असते, मूळ त्या ओलीच्या मागे येतं, फटीत शिरतं आणि मग फुगून फट रुंद करतं. मुळं काढून जोड तसाच ठेवला तर ती पुन्हा येणारच.

गळतीची चाहूल

फरशीचा एखादा भाग अनवाणी पायाला कोमट लागला, आणि तिथे ऊन येत नसेल, तर गरम पाण्याची लाइन गळत असण्याची शंका घ्या. मांजर रोज त्याच जागी जाऊन बसायला लागलं तर तिचा कौल गंभीरपणे घ्यावा. गीझर कुणी पाणी घेत नसताना तापायला सुरुवात करतो, प्रेशर पंप रात्री आपोआप चालू होऊन थोड्या वेळाने थांबतो, रात्री सगळं निजानीज झाल्यावर भिंतीपाशी बारीक 'स्स्स' ऐकू येतं, नळाची धार पूर्वीपेक्षा लुळी पडते: या दाबाच्या लाइनच्या खुणा.

सांडपाण्याच्या लाइनची भाषा वेगळी. कुबट, नाल्यासारखा वास. झुरळांचा अचानक सुळसुळाट. बाहेर भिंतीलगत एकाच पट्ट्यात गवत जास्त हिरवं. मोरीचं पाणी रेंगाळत जाणं. फरशी ठोकल्यावर पोकळ आवाज येणं किंवा ती एका बाजूला खचणं, कारण पाण्याबरोबर खालची मातीही वाहून गेलेली असते.

भिंतीच्या तळाशी पांढरे क्षार फुटणं, ज्याला आपण लोणा लागणं म्हणतो, हे मात्र फसवं लक्षण आहे. त्यातून तिथे ओल आहे इतकंच कळतं. ती जमिनीतून वर चढलेली असू शकते, पावसाची असू शकते, एसीच्या तुंबलेल्या नळीची असू शकते, न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांतून उतरलेली असू शकते. आंघोळीनंतर काही तासांनी ओल वाढते आणि घर दोन दिवस बंद राहिलं की कमी होते, असं असेल तर दाबाची लाइन जवळजवळ निर्दोष समजा. ती घरात माणसं आहेत की नाहीत हे बघून गळत नाही.

मीटरला विचारा

हे काम घरातलं कुणीही करू शकतं आणि प्लंबरला बोलावण्याआधी करावंच. घरातले सगळे नळ, वॉशिंग मशीन, गाळणयंत्र, बागेचा नळ बंद करा आणि पाण्याच्या मीटरपाशी जा. बहुतेक मीटरवर एक छोटी चक्री किंवा त्रिकोण असतो, तो अगदी बारीक प्रवाहालाही फिरतो. फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. फिरत नसेल तरी आकडा लिहून ठेवा आणि तासाभराने परत बघा, कारण सावकाश गळती चक्रीला जाणवत नाही. दहा मिनिटांत एक लिटर गेलं तर दिवसाचे १४४ लिटर होतात.

गच्चीवर टाकी असेल तर या चाचणीचा अर्थ बदलतो. मीटर टाकीच्या आधी असतो, म्हणून तो फक्त टाकीपर्यंतच्या लाइनचा हिशेब देतो. टाकीपासून नळांपर्यंतची लाइन तपासायला टाकीचा आधार घ्यायचा. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, आतल्या पातळीला खूण करा, सकाळी बघा. एक मीटर व्यासाच्या उभ्या टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली तर जवळजवळ आठ लिटर गेले. दुसऱ्या रात्री टाकीतून घरात जाणारा व्हॉल्व्हही बंद करून हेच करा. आता पातळी स्थिर राहिली तर गळती घराच्या पाइपात आहे. तरीही उतरली तर टाकीच गळतेय, आणि फरशीला हात लावायची गरज नाही.

गळती आहे हे ठरलं की ती कुठल्या लाइनवर, हा प्रश्न. घरात शिरतानाचा मुख्य कॉक बंद करा. मीटर तरीही फिरत असेल तर गळती मीटर आणि कॉक यांच्या मधे, बहुधा अंगणात. थांबला तर ती घरात. आता मुख्य कॉक उघडा आणि गीझरला थंड पाणी देणारा कॉक बंद करा. मीटर थांबला तर गरम लाइन, चालूच राहिला तर थंड. एक मेख इथे असते: काही जुन्या मिक्सर नळांतून थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटं शिरतं आणि निकाल गढूळ होतो. म्हणून मिक्सरखालचे छोटे कॉकही बंद करून एकदा खात्री करून घ्यावी.

आणि फ्लशची टाकी विसरू नका. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं रबर झिजलंय. मीटर फिरवणारा चोर बऱ्याचदा इथेच सापडतो, आणि त्याच्यासाठी घर खणायचं नसतं.

जागा नेमकी कशी सापडते

इथून पुढे माहीतगार माणूस आणि उपकरणं लागतात. पण ती काय करतात हे माहीत असेल तर समोरचा माणूस शोधतोय की अंदाज करतोय हे कळतं.

सुरुवात दाबाच्या चाचणीने. संशयित लाइनची सगळी तोंडं बूच लावून बंद करतात, हातपंपाने पाणी भरून दाब चढवतात आणि गेजचा काटा बघतात. काटा उतरला तर ही लाइन दोषी, स्थिर राहिला तर निर्दोष. हीच चाचणी काही जण हवेने करतात. प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये दाबलेली हवा फुटली तर तुकडे गोळीसारखे उडतात, तेव्हा तो हट्ट कुणी केला तर नको म्हणा. सांडपाण्याच्या लाइनला दाब देत नाहीत. बाहेरच्या चेंबरच्या तोंडाशी पाइपमध्ये रबरी फुगा घालून फुगवतात, वरून फरशीच्या पातळीपर्यंत पाणी भरतात आणि पातळी उतरते का ते पाहतात.

मग पाइप कुठून गेलाय ते जमिनीवर आखून घेतात. धातूच्या पाइपमध्ये विद्युत संकेत सोडून वरून तो पकडता येतो. प्लॅस्टिकच्या पाइपात संकेत चालत नाही, म्हणून आत एक छोटा प्रक्षेपक ढकलावा लागतो किंवा जमिनीत रडारच्या लहरी सोडून पाइप शोधावा लागतो. हे आखणीचं काम न करता कुणी थेट 'इथे खोदा' म्हणालं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता ऐकणं, सगळ्यात जुनी आणि अजूनही बहुतेक वेळा उपयोगी पडणारी पद्धत. दाबाखालचं पाणी भोकातून सुटताना आवाज करतं, आणि तो एकच नसतो. भोकाच्या तोंडाशी बारीक फुत्कार असतो. तो पाइपच्या धातूतून दूरवर पळतो. धार समोरच्या खडीवर आपटते त्याचा ठोक्यांसारखा आवाज असतो. तो मातीतून फक्त थोडंसं अंतर जातो. आणि पाण्याने खाली पोकळी केली असेल तर त्यात खळखळ असते. जमिनीवर ठेवायचा संवेदनशील मायक्रोफोन आणि कानाला हेडफोन लावून माणूस पाइपच्या आखलेल्या रेषेवरून वीतभर वीतभर सरकत जातो. फुत्कार त्याला लाइन दाखवतो, ठोके जागा दाखवतात. हे रात्री करणं चांगलं. पंप, फ्रिज, पंखे बंद असले तर आणखी चांगलं. आवाज फारच क्षीण असेल तर पाइपच्या पाण्यात थोडी हवा मिसळतात, मग भोक खोकायला लागतं.

कान फसतोही. कोपऱ्यातल्या बेंडपाशी पाण्याचा आवाज आपसूक मोठा होतो. मसाल्यापासून सुटलेली पोकळ फरशी तबल्यासारखी घुमते. प्लॅस्टिकचा पाइप तर आवाज गिळूनच टाकतो. म्हणून अनुभवी माणूस एका मोठ्या आवाजावर भाळत नाही. तो तीन-चार जागा खडूने खुणावतो, पाण्याचा कॉक बंद करून आवाज थांबतो का ते बघतो, आणि मगच बोलतो.

कानाच्या जागी गणित आणणारं एक यंत्रही आहे. पाइप दोन टोकांना उघडा मिळत असेल तर दोन्हीकडे एकेक सेन्सर लावतात. गळतीचा आवाज जवळच्या सेन्सरला आधी पोचतो, लांबच्याला नंतर. समजा दोन सेन्सरमध्ये २० मीटर पाइप आहे, आवाज धातूच्या पाइपमधून सेकंदाला १२०० मीटर वेगाने जातोय आणि दोघांच्या ऐकण्यात ५ मिलिसेकंदांचा फरक पडला. त्या वेळात आवाज ६ मीटर जातो. म्हणजे एक अंतर दुसऱ्यापेक्षा ६ मीटरने जास्त, आणि दोघांची बेरीज २०. उत्तर ७ आणि १३. जवळच्या सेन्सरपासून सात मीटरवर खूण करा. प्लॅस्टिकमध्ये हा वेग निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे पाइप कशाचा आहे हे चुकीचं सांगितलं तर गणित बरोबर येऊनही जागा चुकते.

जिथे आवाजच नाही, तिथे वायू. पाइप रिकामा करून त्यात ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन यांचं मिश्रण भरतात. हायड्रोजन म्हटल्यावर दचकायला होतं, पण इतक्या पातळ प्रमाणात तो पेट घेत नाही. तो सगळ्यात हलका वायू. भोकातून निघतो, वाळूतून, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि फरशीच्या सांध्यांतून वर येतो आणि वर फिरवलेलं हुंगणारं यंत्र तो पकडतं. अडचण पुन्हा काँक्रीटखाली अंथरलेल्या त्याच प्लॅस्टिकची: ते वायूलाही आडवं पसरवतं. अशा वेळी सांध्यांत बारीक भोकं पाडून प्रत्येक भोकावर यंत्र धरतात आणि सगळ्यात जास्त आकडा कुठे येतो ते बघतात.

उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. तो काँक्रीटच्या आत बघत नाही. वरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, बस. गरम लाइन धड असेल तर ती पडद्यावर रेघेसारखी दिसते, गळत असेल तर रेघ एका जागी फुगून डाग होतो. थंड लाइनसाठी त्याचा उपयोग बेताचाच, आणि चकचकीत फरशीवर तर तो तुमच्याच अंगाच्या उष्णतेचं प्रतिबिंब दाखवून चकवतो. सांडपाण्याच्या लाइनसाठी मात्र साधा कॅमेरा उत्तम. लांब लवचीक तारेच्या टोकाला बसवून तो पाइपात सोडतात. भेगा, सरकलेले जोड, मुळं, पाणी साचलेले खोलगट भाग सगळं डोळ्यांनी दिसतं. त्याचं चित्रीकरण मागून घ्या. पुढे वाद झाला तर कामाला येईल.

दुरुस्तीचे मार्ग

जागा सापडली म्हणून लगेच तिथेच फोडायचं असं नाही. खरा प्रश्न हा की बाकीचा पाइप कसा आहे. भोक एखाद्या खिळ्याने, टोकदार खडीने किंवा फसलेल्या जोडाने पडलं असेल तर तेवढीच जागा दुरुस्त करणं शहाणपणाचं. पण तोच पाइप आतून सगळीकडे कुरतडलेला असेल तर आज बुजवलेल्या भोकाच्या शेजारी पुढच्या वर्षी नवं भोक पडेल. कापून काढलेला तुकडा उभा चिरून आत बघा, पाइप आपलं वय स्वतः सांगतो. माझा साधा नियम: एकाच लाइनवर दुसऱ्यांदा गळती झाली की ती लाइन सोडून द्यायची.

जागेवरच्या दुरुस्तीत फरशी काढून काँक्रीट पाण्याची धार सोडत डायमंड ब्लेडने चौकोनी कापतात. ब्रेकरने वेडंवाकडं फोडण्यापेक्षा हे बरं; कडा सरळ राहतात आणि ओलं कापल्याने सिलिकाची धूळ कमी उडते. ती फुप्फुसांना घातक असते, म्हणून मास्क हवाच. कापण्याआधी एक गोष्ट विचारायलाच हवी. काही घरांत काँक्रीटमध्ये ताणून ठेवलेल्या पोलादी केबल असतात, एकेका केबलवर सुमारे १५ टनांचा ताण. ती कापली गेली तर माणूस आणि घर दोन्ही धोक्यात. शंका असेल तर आधी स्कॅन.

खाली उतरल्यावर पाइपभोवतीची माती हाताने काढतात. भोकावर क्लॅम्प आवळून खड्डा बुजवणं ही तात्पुरती मलमपट्टी. फरशीखाली तात्पुरतं काही ठेवू नये. खराब तुकडा कापून नवा घालायचा. तांब्यात हे जोड साध्या डागाऐवजी (सोल्डरिंगऐवजी) कठीण डागाने, म्हणजे ब्रेझिंगने करतात. मग खड्डा उघडा असतानाच पुन्हा दाबाची चाचणी. ही पायरी गाळायची घाई सगळ्यांना असते, तुम्ही अडून बसा. त्यानंतर वाळू थराथराने ठोकून भरणं, प्लॅस्टिकला नवा तुकडा चिकटवणं, जुन्या काँक्रीटच्या कडेत भोकं पाडून सळया बसवणं आणि नवं काँक्रीट ओतून ते निदान सात दिवस ओलं ठेवणं.

दुसरा मार्ग म्हणजे खालचा पाइप दोन्ही टोकांना बूच मारून तसाच पुरलेला ठेवायचा आणि नवी लाइन भिंतीतून किंवा छतालगत फिरवायची. भिंतीला चरे पडतात, पण जमिनीला हात लागत नाही, आणि पुढे कधी गळलं तर डोळ्यांसमोर गळतं. दाबाच्या जुन्या लाइनसाठी मला हाच मार्ग सगळ्यात पटतो. सांडपाण्याला तो लागू पडत नाही, कारण त्या पाइपला दर मीटर लांबीला एक-दोन सेंटीमीटर उतार हवा असतो आणि पाणी वर चढत नाही.

सांडपाण्याच्या पाइपला आतून अस्तर लावता येतं. राळेत भिजवलेली कापडी नळी जुन्या पाइपात घालतात, फुगवून भिंतीला चिकटवतात आणि गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशाने कडक करतात. पाइपात पाइप तयार होतो. शाखांची तोंडं त्यात झाकली जातात, ती आतून यंत्राने पुन्हा कापावी लागतात. पण पाइप मधेच खचून खोलगट झाला असेल तर अस्तरही त्याच खळग्यात बसतं, आणि पाणी तिथे साचतच राहतं. हे आधी सांगितलं जात नाही, म्हणून विचारा. घरातली फरशी अजिबात मोडायची नसेल तर बाहेरून घराखाली बोगदा खणूनही पाइप बदलतात. ते काम मोठं, बोगद्याला आधार द्यावा लागतो, आणि आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघायला हवा.

लगेच दुरुस्ती शक्य नसेल तर निदान नुकसान थांबवा. गरम लाइन गळत असेल तर गीझर बंद करून तिचा कॉक बंद ठेवा, थंड पाण्यावर घर चालतं. थंड लाइन असेल तर मुख्य कॉक गरजेपुरता उघडा. दाब निम्मा केला तर गळती निम्मी होत नाही, साधारण सत्तर टक्क्यांवर येते. तेव्हा दाब कमी करण्यावर विसंबू नका. ओल्या फरशीजवळच्या प्लगांची वीज तोडा. दारं चौकटीत अडकायला लागली, भिंतीत तिरक्या भेगा उमटल्या, तर प्लंबरच्या आधी इंजिनिअर.

काम झाल्यावर भेगा लगेच लिंपायचा मोह होतो. थांबा. गळतीने भिजलेली माती आता वाळणार, चिकणमाती असेल तर आखडणार, आणि काँक्रीट पुन्हा थोडं हलणार. पेन्सिलीने भेगेच्या टोकाला खूण करून तारीख लिहा आणि काही महिने बघा. फरशीखाली पोकळी राहिली असेल तर ती ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, दाबून भरून घ्यावी लागते, नाहीतर फरशी पुढे कधीतरी तिथेच बसेल.

नवं घर बांधत असाल तर काँक्रीट ओतण्याच्या दिवशी हजर राहा. पाइपमध्ये दाब भरून गेज लावून ठेवायला सांगा. ओतताना कुणाचं फावडं किंवा खिळा पाइपला लागला तर काटा तिथल्या तिथे पडतो आणि काँक्रीट ओलं असतानाच कळतं. त्याआधी चरांचे फोटो काढा, प्रत्येक फोटोत भिंतीपासून ताणलेली मोजपट्टी दिसू द्या, आणि ते फोटो घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.